सहा सिलिंडरवर उभं नाणं

एका ओळीत सहा सिलिंडर असलेली गाडी माझ्या मुसाखात आली, की मी तिचं बॉनेटसुद्धा उघडत नाही. मुसाख म्हणजे गॅरेज. इथे इस्राएलात इतकी वर्षं काढली की गॅरेज हा शब्द आता तोंडात येत नाही. गिऱ्हाइकाला मी मागच्या गल्लीतल्या रशियनाकडे पाठवतो. त्याचा हात चांगला आहे, तोंड वाईट आहे. लोक चिडतात. एकानं तर विचारलं, तू मेकॅनिक आहेस की नखरे करणारी नवरी? मी म्हटलं, नवरी समज, पण गाडी घेऊन जा बाबा. खरं कारण दहा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तसं बघायला गेलं तर मी शिकलो ते पहिलं इंजिन सहा सिलिंडरचंच. शिकवलं माझ्या सख्ख्या मामानं. मामा मुंबईत बसच्या डेपोत फिटर होता, आणि तिथल्या बसगाड्यांची डिझेल इंजिनं अशीच असायची, लांबलचक, सहा जण एका रांगेत. आम्ही मूळचे कोकणातले ज्यू. आमचं अख्खं कुटुंब इस्राएलला आलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. किर्यात गात नावाच्या गावात आणून टाकलं आम्हाला. मामानं काही वर्षं कापडाच्या गिरणीत काढली आणि मग कारखान्यांच्या वस्तीत हे पत्र्याचं मुसाख उघडलं. सैन्यातून सुटल्यावर मी त्याच्या हाताखाली लागलो आणि लागलो तो लागलोच. नव्वदच्या दशकात मी दोन मुलांचा बाप झालो होतो तरी मामा मला गिऱ्हाइकांसमोर ‘आमचा पोरगा’ म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, म्हणू दे रे, काय जात होतं तुझं.

डेपोतल्या आवाजानं त्याचे कान अर्धे गेले होते. त्यामुळे तो इंजिन ऐकायचा नाही, त्यावर तळहात ठेवायचा. डोळे मिटून उभा राहायचा आणि मग एकदम सांगायचा, तिसरा प्लग बघ. तिसराच निघायचा. मी मनात शिव्या द्यायचो, कारण मी तोवर तासभर कान लावून बसलेला असायचो.

शुक्रवारी रात्रीचं जेवण आम्ही सगळे मामीकडे जेवायचो. जेवण झालं की मामा बशीतले सहा खजूर घेऊन टेबलावर रांगेत मांडायचा आणि माझ्या मुलांना इंजिन समजावायचा. मुलं हिब्रूत ‘सावकाश, सावकाश’ म्हणायची, कारण त्याचं मराठी त्यांना अर्धंच कळायचं. मला मात्र ते सगळं पाठ आहे. तो म्हणायचा, चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. बघणाऱ्याला वाटतं, झाली फिटंफाट. पण होत नाही. पिस्टन वरच्या अर्ध्या भागात घाईत असतो आणि खालच्या अर्ध्यात सुस्त, कारण त्याला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या कण्याशी, जोडणारा दांडा फिरताना तिरपा होतो. म्हणून वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना पुरते भरून काढत नाहीत. क्रँकच्या दर फेऱ्यात दोनदा थोडा धक्का शिल्लक उरतो. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगमध्ये जी बारीक झिणझिण लागते ती हीच.

मग तो तीन खजूर बाजूला काढायचा. तीन सिलिंडर असले की हा उरलेला धक्का मिटतो, कारण तिघं फेऱ्याच्या एकेक तृतीयांशानं मागेपुढे चालतात. पण मग इंजिन पुढून वर, मागून खाली, असं पाळण्यासारखं डुलायला लागतं. आता सहामध्ये काय होतं? एक त्रिकूट आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं त्रिकूट. पहिल्याबरोबर सहावा, दुसऱ्याबरोबर पाचवा, तिसऱ्याबरोबर चौथा. पुढचं त्रिकूट डुलायला गेलं की मागचं तेवढंच उलट्या बाजूला डुलतं आणि इंजिन जागच्या जागी. व्ही आकारात तीन-तीन बसवले की बॉनेट आखूड होतं, कंपनीवाले खूष. पण ती जोडी आता पाठीला पाठ लावून नसते, शेजारी-शेजारी असते, म्हणून डुलणं परत येतं. आणि जोराचं म्हणशील तर चार सिलिंडरमध्ये एकाचा रेटा संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. सहामध्ये एकाचा संपायच्या आधीच पुढच्याचा लागलेला असतो. जात्यावर दोघी बसल्या की एकीचा हात सैल पडायच्या आत दुसरीचा जोर येतो, तसं. इथवर आलं की मामी म्हणायची, तू जात्यावर कधी बसलास रे? आणि खजूर उचलून मुलांना देऊन टाकायची.

मामाच्या शर्टाच्या खिशात मुंबईहून आणलेला एक जुना रुपया असायचा. गोल, जाड, झिजलेला. सहा सिलिंडरचं इंजिन नीट जुळलं की चालू इंजिनच्या झाकणावरच्या सपाट पट्टीवर तो रुपया कडेवर उभा करायचा. उभा राहिला तर काम पसंत. पडला तर परत खोला. एकदा माझ्याकडे रुपया नव्हता म्हणून मी इथलं पाच शेकेलचं नाणं उभं केलं. ते नाणं बारा कोपऱ्यांचं असतं, कडा चपट्या. मामानं टिचकी मारून ते पाडलं आणि म्हणाला, कोपऱ्यांचं नाणं बैलगाडीवरसुद्धा उभं राहील, ह्यात तुझं काय कौतुक? सगळ्यांसमोर म्हणाला. माझे कान गरम झाले. ते मी विसरलो नाही.

मुसाखाच्या मागे एक खोली होती, तिथे बाज टाकलेली होती. मामा दुपारी घटकाभर आडवा व्हायचा. खोलीच्या खिडकीची काच चौकटीत सैल होती. बाहेर चार सिलिंडरची कुठलीही गाडी चालू केली की काच थडथडायची, बाज हलायची, आणि कानानं अधू असलेला मामा उठून बसायचा. तेच त्याचं घड्याळ. काच बसवून घेऊ या म्हटलं की म्हणायचा, नको, मला उठवणार कोण मग?

मग एका हिवाळ्यात एका निवृत्त मास्तरांची जुनी जर्मन गाडी आमच्याकडे आली. सहा सिलिंडर, एका रांगेत. मामाला दोन आठवडे खोकला होता, म्हणून इंजिन पहिल्यांदा मी एकट्यानं उतरवलं, उघडलं आणि परत बसवलं. मामा फक्त येऊन बघून जायचा आणि काही बोलायचा नाही. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला काम संपलं. मामा म्हणाला, जरा पाठ टेकतो, मग चालत घरी जाईन, तू जा, पोरं वाट बघत असतील. आणि खोलीत गेला.

मी गाडी चालू केली. देवाची शपथ, आयुष्यात एवढं गुळगुळीत इंजिन मी जुळवलेलं नाही, आधी नाही आणि नंतर नाही. शेजारच्याचा कॉम्प्रेसर चालू होता, त्यात ते ऐकूच येईना. पंखा फिरताना दिसला म्हणून कळलं की चालू आहे. मी खोलीत डोकावलो. मामाला झोप लागली होती. त्याच्या खिशातून रुपया काढायचा म्हणजे त्याला उठवायचं. म्हणून मी माझ्या खिशातलं पाच शेकेलचं नाणं काढून उभं केलं. उभं राहिलं. बाहेर धुळीचा गार वारा सुटला होता, आत झोत आला आणि नाणं पडलं. मी परत उभं केलं आणि शटर खाली ओढलं.

हे मी का केलं ते सरळ सांगतो. मला वाटलं, दहा मिनिटांत मामा उठेल, बाहेर येईल, आणि चालू इंजिनवर उभं नाणं बघेल. मी तिथे नसेन. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं, त्यानं एकट्यानं बघावं अशी इच्छा होती. मग तो स्वतःचा रुपया काढेल, तोही उभा राहील, आणि रात्री जेवताना तो सगळ्यांसमोर सांगेल. एवढंच हवं होतं मला. धुराची रबरी नळी सायलेन्सरला लावून भिंतीतल्या भोकातून बाहेर काढायची, हा मामाचा कायदा होता. नळी कोपऱ्यात होती, वर टायर ठेवलेले होते. मी म्हटलं, दहा मिनिटांसाठी कोण टायर उचलतंय. आणि मी शटरच्या छोट्या दारातून बाहेर पडून ते ओढून घेतलं.

घरी जाऊन जेवलो. जेवून कोचावर झोपलो.

शब्बात, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला लागणारा आमचा विसाव्याचा दिवस, लागायच्या जरा आधी मामीच्या शेजारणीनं दार वाजवलं. मामा घरी आला नव्हता. मामीनं आणि तिनंही शब्बातचे दिवे लावले होते, आता दोघीही फोनला हात लावणार नव्हत्या, म्हणून शेजारीण चालत आली होती. मी चपलांवरच धावत सुटलो. वारा पडला होता. मी दार उघडलं, शटर वर केलं, आणि सांगायला बरं वाटलं असतं की मी आधी मामाकडे धावलो. नाही धावलो. मी आधी इंजिनकडे बघितलं. चालू होतं, कसलाही आवाज नाही, आणि नाणं उभं होतं. पावणेचार तास. मी चावी फिरवली. कितीही चांगलं इंजिन बंद होताना एकदा हिसका देतं. नाणं पडलं आणि घरंगळत गाडीखाली गेलं. मग मी खोलीत गेलो.

खिडकीची काच शांत होती. चार सिलिंडरची गाडी असती तर तिनं मामाला पाच मिनिटांत उठवलं असतं.

पोलीस आले. इंजिनच्या धुरानं गेला, म्हणाले. त्यातल्या एकानं विचारलं, इंजिन कुणी चालू केलं? आणि मी म्हणालो, मी गेलो तेव्हा बंद होतं, मामानंच उठून चालू केलं असेल. तोंडातून निघून गेलं. पहिलं खोटं बोलायला विचार करावा लागत नाही, तो नंतर करावा लागतो. मातमाचे, म्हणजे दुखवट्याचे, सात दिवस आम्ही रितीप्रमाणे जमिनीवर बसलो, लोक येत होते, विचारत होते, आणि मी पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो. खोटं खरं वाटावं म्हणून मी त्याला एक खरी गोष्ट जोडली. म्हणालो, इंजिनवर नाणं उभं होतं, तुम्हाला त्याची सवय माहीतच आहे, इंजिन जुळलंय का बघायला चालू केलं असेल, मग खोकला आला म्हणून परत जाऊन पडला असेल. लोक मान हलवून रडत होते. मामी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. पोलिसांनी मामाच्या वस्तू आणि फरशीवर सापडलेलं नाणं एका पाकिटात घालून दिलं होतं, ते तिनं मांडीखाली ठेवलं होतं.

त्यानंतर मला शांततेची भीती बसली. आवाजानं कुणी दचकतं, मी आवाज थांबला की दचकतो. घरातला फ्रीज मधेच बंद पडून गप्प झाला की मी उठून भिंतीवर तळहात ठेवतो. बायको म्हणायची, काय बघतोस? मी म्हणायचो, काही नाही. मुसाख मीच चालवत राहिलो. खोलीतली ती काच मी बदलली नाही. चार सिलिंडरची गाडी चालू केली की ती थडथडते, आणि माझी मान आपोआप त्या दाराकडे वळते. दर वेळी. माणूस बाहेर येईल म्हणून थांबतो मी. गिऱ्हाईक समोर असतं, त्याला वाटतं मी विचार करतोय.

आमच्यात किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाच्या, आधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या घरी जाऊन माफी मागायची असते. देवाशी केलेलं पाप उपास-प्रार्थनेनं मिटतं, माणसाशी केलेलं त्या माणसालाच विचारावं लागतं. आमची म्हातारी माणसं किप्पूरला दारफळणीचा सण म्हणतात, कारण कोकणात त्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचे. दुसरा दिवस शिळा सण, तेव्हा दारं उघडून एकमेकांकडे जायचे. मी दर वर्षी किप्पूरच्या आदल्या दिवशी मामीकडे जायचो, कोंबडी आणि फळं घेऊन. आणि म्हणायचो, मामी, माफ कर. ती हातातलं काम ठेवून विचारायची, “कशाची?” मी म्हणायचो, असंच, वर्षभरात काही चुकलं-माकलं असेल त्याची. ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, चुकल्या-माकल्याची दिली. दर वर्षी हेच. मला वाटायचं, म्हातारीची बोलायची रीत.

दहाव्या वर्षी तिचे डोळे अधू झाले आणि दूर हैफा शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीनं तिला कायमची न्यायचं ठरवलं. त्या वर्षी मी गेलो, कोंबडी ठेवली, आणि तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, दिली, दिली, बस. तिनं विचारलंच नाही. मी खाली रस्त्यावर आलो. नऊ वर्षं तो प्रश्न मला टोचत होता, आणि आता तो नाही म्हटल्यावर मला रडू फुटलं, भर रस्त्यात, मध्यम वयाच्या माणसाला. अख्खा किप्पूर मी प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरल्यासारखा बसलो. शिळ्या सणाला सकाळी भांडी बांधायला मदत करतो म्हणून तिच्याकडे गेलो आणि दारातच सगळं सांगितलं. नाणं, वारा, शटर, नळी, कोच. काही गाळलं नाही.

मामी हातातली पितळेची परात घेऊन उभी होती. ती परात तिनं खाली ठेवली, आत गेली आणि पोलिसांचं ते पाकीट घेऊन आली. टेबलावर दोन नाणी ठेवली. एक रुपया, एक पाच शेकेल.

“रुपया त्याच्या खिशात होता,” ती म्हणाली. “आणि तुझ्या मामानं जन्मात कोपऱ्यांचं नाणं उभं केलं नाही.”

म्हणजे ती मातमाच्या पहिल्या दिवसापासून जाणत होती. मी खाली मान घालून विचारलं, मग तू मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, दर वर्षी विचारत नव्हते का? मग ती खुर्चीवर बसली आणि तिचा आवाज बदलला. म्हणाली, तू नाण्याचं खोटं बोललास हे कळलं, मग तुझ्या बाकीच्या बोलण्यावर मी कसा भरवसा ठेवू? तू म्हणालास तो उठला होता. बाजेवर सापडला असंही म्हणालास. मला वाटलं, तो बाजेवर नव्हताच, हेही तू लपवतोयस.

“दहा वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर शटरपर्यंत सरपटतोय रे,” ती म्हणाली. “खरं सांग. उठला होता का?”

मी सांगितलं, नाही, उठला नव्हता. डाव्या कुशीवर होता, हात गालाखाली, पांघरूण खांद्यापर्यंत, मी डोकावलो तेव्हा होतं तसंच. चष्मा खिडकीत होता. तिनं विचारलं, चष्मा कसा ठेवला होता? मी म्हटलं, काचा खाली करून. तेव्हा मामी हसली आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. काचा खाली ठेवू नकोस, चरे पडतात, म्हणून चाळीस वर्षं ती त्याला ओरडत होती, आणि झोपताना तो रोज तसाच ठेवायचा. एवढ्या एका गोष्टीवर तिचा विश्वास बसला. मी पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर तिला ती त्याच दिवशी मिळाली असती. माझी कातडी वाचवायला मी दहा वर्षं त्या माणसाला मरताना जागा ठेवला होता, आणि तोही तिच्यासमोर.

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, आता माग. मी मागितली. ती म्हणाली, कशाची? मी एकेक करून सांगितलं.

तिनं पाच शेकेलचं नाणं माझ्याकडे सरकवलं आणि रुपया स्वतःच्या मुठीत घेतला. “त्या दुपारची दिली,” ती म्हणाली. “ह्या दहा वर्षांची नाही. ती मागायला पुढच्या किप्पूरला हैफाला ये.”

तेव्हापासून दर वर्षी मी हैफाला जातो. ती कशाची म्हणून विचारते, मी सांगतो, ती ऐकून घेते. अजून दिलेली नाही.